संगणक सुरू होत नाही. विंडोज नव्याने टाकल्यास जुने फॉन्ट आणि कामे वाचतील का?

जुळारी (प्रश्न)

माझे लग्नपत्रिका आणि हँडबिले करून देण्याचे छोटे दुकान आहे. कामाचा डेस्कटॉप २०१६ सालचा असून त्यात सहाव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर, एक टेराबाइटची एकच हार्ड डिस्क आणि विंडोज १० आहे. सोमवारी काम चालू असताना दोनदा लाइट गेली. तेव्हापासून संगणक सुरू केला की काळ्या पडद्यावर ‘रिबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस’ एवढीच ओळ येते. दुरुस्तीसाठी आलेल्या गृहस्थांनी पाच मिनिटे पाहिले आणि फॉरमॅट मारावा लागेल असे सांगितले. मी त्यांना तिथेच थांबवले, कारण गेल्या चार वर्षांच्या पत्रिका सी ड्राइव्हवर, डेस्कटॉपवरच ठेवलेल्या आहेत, आणि त्या ज्या जुन्या, युनिकोडपूर्व (म्हणजे सर्वत्र सारखी दिसणारी आजची मराठी लिपी-पद्धत येण्याआधीच्या) मराठी फॉन्टमध्ये केल्या ते फॉन्टही तिथेच आहेत. विंडोज नव्याने टाकून हे सारे वाचवता येईल का? उपयोगी असेल तर सांगतो, बायोसमध्ये (संगणक सुरू होताना विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्राममध्ये) तारीख १ जानेवारी २०१६ दिसते. ती दुरुस्त केली तरी प्लग काढून पुन्हा लावला की परत तीच येते.

पेनड्राइव्हवाला

किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या, दुसऱ्या संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने त्यावर विंडोज उतरवून घ्या आणि त्यावरून संगणक सुरू करून ‘कीप माय फाइल्स’ हा पर्याय निवडा. तुमच्या फाइली जागच्या जागी राहतील.

कॅबिनेट उघडा

वरील सल्ला हेतूने चांगला असला तरी या प्रसंगी तो धोक्याचा आहे. ‘कीप माय फाइल्स’ हा पर्याय मुळात विंडोजच्या स्वतःच्या रिकव्हरीतून मिळतो, पेनड्राइव्हवरून संगणक सुरू केल्यावर इन्स्टॉलरमध्ये तो सहसा मिळत नाही. आणि मिळाला तरी फक्त वापरकर्त्याच्या फाइली राखल्या जातात, बाहेरून टाकलेले प्रोग्राम जातात आणि विंडोजच्या फोल्डरमधले तुमचे फॉन्टही जातात.

तुम्ही जाता जाता सांगितलेली तारखेची गोष्ट हीच मला सर्वांत महत्त्वाची वाटते. प्लग काढल्यावर तारीख मागे जाते याचा अर्थ मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल, म्हणजे तीन व्होल्टचा सीआर २०३२, संपला आहे. तो संपला की वीज गेल्यावर केवळ घड्याळच नव्हे, तर बायोसमधल्या निवडीही कारखान्यातून आल्या तशा होऊ शकतात. तुमचे विंडोज संगणक सुरू करण्याच्या जुन्या, लेगसी पद्धतीने टाकलेले असेल आणि बायोस आता फक्त नव्या, यूईएफआय पद्धतीने शोधत असेल, तर डिस्क धडधाकट असूनही त्याला ती सुरू करण्याजोगी वाटणार नाही आणि नेमका हाच संदेश येईल. सेल बदला, तारीख लावा, बायोसमधल्या बूटच्या पानावर सीएसएम (जुन्या पद्धतीला मुभा देणारा पर्याय) किंवा लेगसी हा पर्याय सुरू करा आणि यादीत हार्ड डिस्क वर आणा. साटा मोड, म्हणजे बायोस डिस्कशी कोणत्या पद्धतीने बोलतो ती निवड, मात्र उगाच बदलू नका, नाहीतर काळ्या पडद्याऐवजी निळा पडदा पाहावा लागेल.

जुळारी

सेल बदलला, सीएसएम सुरू केले. विंडोजचे चिन्ह दिसले! मात्र पुढे ‘प्रिपेअरिंग ऑटोमॅटिक रिपेअर’ येते आणि संगणक आपणहून पुन्हा सुरू होतो, हे चक्र तासभर चालू आहे. डिस्कमधून मधूनमधून टक-टक असा आवाजही येतो.

कॅबिनेट उघडा

मग आता संगणक बंद करा आणि त्या डिस्कवरून पुन्हा सुरू करू नका. हा आवाज म्हणजे डिस्क अखेरच्या वाटेवर असल्याची खूण असू शकते, आणि ऑटोमॅटिक रिपेअर दर वेळी तिच्याकडून तेच कष्ट करून घेत आहे. या अवस्थेत चेकडिस्क हा विंडोजचा डिस्क तपासण्याचा प्रोग्रामसुद्धा चालवू नये. खराब सेक्टर (डिस्कवरचे बिघडलेले छोटे तुकडे) शोधण्याच्या नादात तो डिस्कचा कोपरा न कोपरा पुन्हा वाचत बसतो आणि जे बचावले असते तेही जाते.

माझे मत स्पष्ट आहे: या डिस्कवर विंडोज टाकूच नये. २५० जीबीच्या आसपासची एक साटा एसएसडी (फिरते भाग नसलेली नवी डिस्क) विकत घ्या आणि विंडोज तिच्यावर टाका, पण त्याआधी जुन्या डिस्कवरचा मजकूर काढून घ्या. लिनक्स मिंट ही विंडोजसारखीच पण वेगळी, मोफत प्रणाली पेनड्राइव्हवर उतरवून, काहीही न बसवता, तिथूनच संगणक सुरू होतो. त्यातल्या ‘डिस्क्स’ या प्रोग्राममध्ये स्मार्ट अहवाल, म्हणजे डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद, दिसतो. रीअलोकेटेड (बाद करून बदललेले) आणि पेंडिंग (वाचता न येणारे) सेक्टरचे आकडे शून्याच्या वर असतील तर घाई करा. आधी वापरकर्त्याचे फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा, मग विंडोजमधले फॉन्ट्स फोल्डर, आणि उरलेले त्यानंतर. नकलेत वारंवार अडथळा येऊ लागला तर थांबा आणि डिस्क डेटा रिकव्हरी करणाऱ्यांकडे द्या.

विंडोज टाकताना जुन्या डिस्कची केबल काढून ठेवा. दोन डिस्क जोडलेल्या असल्या की इन्स्टॉलर कधीकधी विंडोज एकीवर आणि सुरुवातीच्या फाइली दुसरीवर ठेवतो. मग जुनी डिस्क काढली की नवी चालत नाही. केबल काढल्यावर सीएसएम पुन्हा बंद करून यूईएफआय पद्धतीनेच टाका. की मागितली तर ‘माझ्याकडे प्रॉडक्ट की नाही’ हा पर्याय घ्या. तुमचे विंडोज १० पूर्वी याच मदरबोर्डवर डिजिटल परवान्याने सक्रिय झाले असेल, तर तीच आवृत्ती (होम असेल तर होम, प्रो असेल तर प्रो) टाकून इंटरनेट जोडताच ते पुन्हा सक्रिय होते. डिस्क बदलल्याने तो परवाना जात नाही.

रात्रपाळी

थोडी भर घालतो. सहाव्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही, आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे विंडोज १० टाकल्यावर वाढीव सुरक्षा अद्यतनांसाठीची नोंदणी, म्हणजे ईएसयू, अवश्य करा. लिनक्सवर कायमचे जावे असे मी एरवी म्हटले असते, पण डीटीपीच्या (संगणकावर छपाईची पाने जुळवण्याच्या) धंद्यात पाने मांडण्याचे जुने पेजमेकर आणि त्याचे टंकलेखनाचे प्रोग्राम सोडून कोण येणार?

फॉन्टविषयी एक बारकावा असा की, या जुन्या फॉन्टमध्ये फाइलीत प्रत्यक्षात रोमन अक्षरांचे संकेत असतात आणि देवनागरी आकार फक्त फॉन्ट दाखवतो, म्हणून फॉन्ट नसलेल्या संगणकावर ‘चि. सौ. कां.’ ऐवजी अर्थहीन रोमन अक्षरे दिसतात. फाइल बिघडली असे समजून ती टाकून देऊ नका. फॉन्ट नकलून बसवले की मजकूर दिसेल, परंतु टंकन करण्यासाठी मूळ सॉफ्टवेअर पुन्हा बसवावेच लागेल आणि त्याला यूएसबी डोंगल (परवाना म्हणून लावायची छोटी किल्ली) असेल तर ती ओळखणारा प्रोग्राम, म्हणजे तिचा ड्रायव्हरही.

जुळारी

आज सहाव्या दिवशी कळवत आहे. पेंडिंग सेक्टर १८४ निघाले. डेस्कटॉपवरचे सर्व काम उतरले, केवळ दोन फोल्डर अडले आणि त्यांतल्या पत्रिका सुदैवाने गिऱ्हाइकांकडे छापील आहेत. एसएसडीवर विंडोज १० बसले, सक्रियही झाले. मात्र गेल्या वर्षी घेतलेले शीर्षकांचे तीन फॉन्ट फॉन्ट्स फोल्डरच्या नकलेत सापडत नाहीत.

रात्रपाळी

ते ‘सर्वांसाठी’ न बसवता फक्त तुमच्या खात्यापुरते बसवलेले असावेत. विंडोज १० च्या २०१८ मधल्या १८०९ या आवृत्तीपासून असे फॉन्ट वेगळीकडे जातात: वापरकर्त्याचे फोल्डर, त्यात अ‍ॅपडेटा, मग लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज आणि शेवटी फॉन्ट्स. अ‍ॅपडेटा लपवलेले असते, म्हणून आधी लपवलेल्या वस्तू दाखवण्याचा पर्याय सुरू करा.

जुळारी

तिन्ही मिळाले.