राज्यसेवेचा अभ्यास: खुर्चीत तासन् तास बसतो, पण लक्ष वीस मिनिटांत उडतं. नेमकं काय करावं?

गोदाकाठ:
राज्यसेवा पूर्वपरीक्षेची तयारी चालू आहे. अभ्यासिकेत दिवसभराची जागा आहे, शांतता आहे, तरी राज्यशास्त्र किंवा अर्थशास्त्र उघडलं की थोड्या वेळाने नुसते डोळे ओळींवरून फिरतात. पान संपल्यावर काय वाचलं ते सांगता येत नाही. दुपारी दोन ते चार तर पेंगच येते. फोन सायलेंटवर असतो, पण चालू घडामोडींच्या पीडीएफ टेलिग्रामवर येतात, त्यामुळे तो हातात घ्यावाच लागतो. पंचवीस मिनिटं अभ्यास आणि पाच मिनिटं सुट्टी हेही करून पाहिलं, पण लय लागते न लागते तोच गजर होतो. ‘मन खंबीर करा’ यापलीकडचं काही असेल तर कृपया सविस्तर सांगा.

पाटीपेन्सिल:
डोळे फिरतात आणि डोक्यात काही जात नाही, याचं सर्वांत मोठं कारण म्हणजे वाचताना डोक्याला काही कामच दिलेलं नसतं. ‘आज आणीबाणीचं प्रकरण वाचायचं’ एवढंच ठरवून बसलात तर मन भरकटणारच. बसण्याआधी प्रश्न ठरवा.

याच प्रकरणाचं उदाहरण घ्या. कोऱ्या कागदावर तीन ओळी आणि तीन रकाने आखा. ओळींना राज्यघटनेतल्या कलमांची नावं द्या: कलम ३५२ (राष्ट्रीय आणीबाणी), ३५६ (राष्ट्रपती राजवट) आणि ३६० (आर्थिक आणीबाणी). रकान्यांत लिहा: संसदेची मान्यता किती दिवसांत, कोणत्या बहुमताने, आणि एकदा मान्यता मिळाली की अंमल किती काळ. आता हे नऊ चौकोन भरण्यासाठी वाचा. ३५२ ला एक महिना आणि विशेष बहुमत, बाकी दोघांना दोन महिने आणि साधं बहुमत. ३५२ दर सहा महिन्यांनी मान्यता घेऊन कितीही लांबवता येते, ३५६ ला कमाल तीन वर्षं, ३६० मागे घेईपर्यंत चालू. वाचून झालं की पुस्तक मिटा, कागद उलटा करा आणि तोच तक्ता पुन्हा आठवून भरा. गोंधळ बहुतेक ‘एक महिना की दोन’ इथेच होतो, कारण ३५२ ची मुदतही आधी दोन महिनेच होती. १९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीने ती एक महिना केली. चुकलेला चौकोन लाल पेनाने भरा. दुसऱ्या दिवशी फक्त लाल चौकोन पाहायचे.

पंचवीस मिनिटांना चिकटून राहू नका. घटना, अर्थशास्त्र अशा विषयांत शिरायलाच दहा-बारा मिनिटं जातात, तेव्हा पन्नास मिनिटांची बैठक आणि दहा मिनिटांची विश्रांती ठेवा. पाठांतराचे विषय, म्हणजे योजना, समित्या, अभयारण्यं, यांना पंचवीस मिनिटं बरोबर बसतात. विश्रांतीत उठून चाला, पाणी प्या. स्क्रीन बघितली तर परत बसल्यावरही डोकं तिथेच अडकलेलं राहतं.

डाव्या हाताला एक कागद ठेवा. ‘फी भरायची आहे’, ‘घरी फोन करायचा’ असं काही आठवलं की दोन शब्दांत तिथे टिपा आणि पुढे चला. अर्ध्यातून उठावं लागलंच, तर उठण्याआधी ‘परत आल्यावर पहिलं काय’ हे एका ओळीत लिहून ठेवा. परत बसल्यावर ‘कुठे होतो बरं’ करण्यात जाणारी पाच-सात मिनिटं वाचतात.

गोदाकाठ:
तक्त्याची कल्पना पटली. पण आठवून लिहिण्यातच एवढा वेळ गेला तर अभ्यासक्रम कसा संपणार? तेवढ्या वेळात तेच प्रकरण दोनदा वाचून होतं.

पाटीपेन्सिल:
शंका रास्त आहे. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली नेमकं हेच तपासलं. एका गटाने उतारा चार वेळा वाचला, दुसऱ्याने एकदा वाचून तीन वेळा आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ६१. परत परत वाचलं की ‘येतंय’ असं वाटतं आणि तिथेच फसगत होते. वाचनाला पस्तीस मिनिटं, आठवायला पंधरा, एवढी वाटणी पुरते.

वाफाळता चहा:
फोनबद्दल बोलतो. सायलेंटवर ठेवून उपयोग नाही, तो टेबलावरच नको. पीडीएफ आदल्या रात्री निवडून सकाळी झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढा, पाठपोट काढली तर खर्चही कमी. टेलिग्राम दिवसातून दोनदाच, जेवणानंतर आणि रात्री. परीक्षा घेणाऱ्या लोकसेवा आयोगाची सूचना संकेतस्थळावर असतेच, ती दोन तास उशिरा वाचली म्हणून काही बिघडत नाही. वेळ बघायला मनगटी घड्याळ घ्या, नाहीतर वेळ बघण्याच्या निमित्ताने फोन परत बाहेर येतो.

दुपारची पेंग येते ती अर्धी मेसच्या ताटामुळे. भात निम्मा करा, उसळ किंवा वरण वाढवा. जेवणानंतर वीस मिनिटं गजर लावून डोकं टेकवा. पाऊण तास झोपलात तर गाढ झोपेतून उठावं लागतं आणि पुढचा तासभर डोकं जड राहतं. चहाचंही गणित आहे: कॅफिन शरीरात निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाच्या चहातलं निम्मं अकरा वाजताही अंगात असतं. शेवटचा चहा चारला घ्या आणि सात तासांची झोप कापू नका.

एवढं करूनही महिनाभर सतत मरगळ राहिली तर हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि चष्म्याचा नंबर तपासून घ्या. मनच खचलं असेल, भूक-झोप गेली असेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येतं. कृपया अंगावर काढू नका.

उत्तरतालिका:
दुपारच्या झोपेबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. पूर्वपरीक्षेचा दुसरा पेपर, सीसॅट (उतारे, गणित, बुद्धिमत्ता यांचा), दुपारी तीन ते पाच असतो, म्हणजे ऐन पेंगेच्या वेळी. तो पात्रतेपुरताच आहे, २०० पैकी ६६ गुण हवेत, पण तिथे घसरलं तर पहिल्या पेपरचे गुण कितीही असोत, वाया जातात. तेव्हा परीक्षा दीड महिन्यावर आली की झोप बंद करा आणि तीन ते पाच हीच सरावाची वेळ ठेवा. तोवर दुपारी वाचन ठेवूच नका. गणित, बुद्धिमत्ता, नकाशाभरण असं हात चालणारं काम घ्या.

८० प्रश्नांना १२० मिनिटं, म्हणजे प्रश्नाला दीड मिनिट. लक्ष सुटतं ते बहुतेक लांब उताऱ्यांत. आधी त्या उताऱ्याखालचे प्रश्न वाचा, पर्याय वाचू नका, मग उतारा घ्या. प्रत्येक परिच्छेद संपला की त्याचा मुद्दा समासात तीन-चार शब्दांत लिहा. चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांपैकी पाव हिस्सा कापला जातो, त्यामुळे थकल्यावर शेवटच्या वीस मिनिटांत अंदाजाने मारलेली उत्तरं महागात पडतात.

आठवड्यातून एकदा तरी पूर्ण दोन तास न उठता पेपर सोडवा. तोही मोबाइलवर नको, छापील प्रश्नपत्रिकेवर आणि काळ्या पेनाने ओएमआर पत्रिका (गोळे रंगवायची उत्तरपत्रिका) भरत. गोळे भरण्यात जाणारा वेळ आणि तेव्हा तुटणारी तंद्री मोबाइलवरच्या टेस्टमध्ये कळतच नाही. दर दहा प्रश्नांनी एकदम गोळे भरले तर तंद्री कमी वेळा तुटते, फक्त प्रश्न सोडला असेल तर त्याच्या क्रमांकाभोवती प्रश्नपत्रिकेवर गोल करून ठेवा, म्हणजे पुढचे गोळे एक घर सरकत नाहीत.