मदत हवी आहे : पंढरपूरच्या मठात राहणाऱ्या आत्याचं श्रावणबाळ अनुदान अडकलंय

नमस्कार मंडळी. मी सोलापूरचा. आत्या सत्तरीच्या पुढची, यजमान गेल्यापासून पंढरपुरात एका मठात राहते. पहाटे काकड्याला उठायचं, अंगण झाडायचं, दुपारी पंगतीची भांडी, मग दिवे लागेपर्यंत फुलवाती वळायच्या. वातींच्या पैशात चहा, साबण आणि बीपीच्या गोळ्या. मठातल्या बहुतेक म्हाताऱ्या बायकांचं असंच चालतं. घरी चल म्हटलं की "इथं माझा विठोबा आहे" म्हणते, आणि मला ते पटतं.

श्रावणबाळ योजनेचे, म्हणजे सरकारकडून निराधार म्हाताऱ्या माणसांना मिळणारे महिना 1500 रुपये हाच तिचा खरा आधार. पण कापूस वळून, भांडी घासून बोटांच्या रेषा इतक्या झिजल्यात की मशीन अंगठाच घेत नाही. पडताळणी रखडली, पैसे थांबले.

पंढरपुरात बुबुळावर किंवा चेहऱ्यावर आधार पडताळणी कुठे होते? आधार, रेशनकार्ड दोन्ही सोलापूरच्या पत्त्याचे आहेत. मग अर्ज पंढरपूर तहसीलला चालेल का, की इथेच? रहिवासाला मठाचं पत्र धरतात का? आषाढीच्या गर्दीत तिला बाहेर काढणं अवघड, त्याआधी उरकायचंय. कुणी हे करून घेतलं असेल तर कृपया नीट सांगा. तिच्या शेजारच्या दोघींचंही हेच अडलंय.