दाब गेलेले जुने स्प्रेचे डबे : काय वापरावे, काय टाकावे? (सल्ला हवा आहे)

मूळ प्रश्न (देवगड तालुका)

नमस्कार. वडील होड्यांच्या इंजिनांची दुरुस्ती करीत असत. त्यांच्या पश्चात सहा वर्षे बंद असलेला मांगर (सामान ठेवण्याची झोपडी) यंदा पावसाआधी उघडला, तेव्हा जुन्या जाळ्यांखाली झाकलेल्या लाकडी खोक्यात स्प्रेचे तेवीस डबे सापडले. त्यांत दहा रंगाचे आहेत, सात गंज सोडवणाऱ्या तेलाचे, चार डास-झुरळांच्या औषधाचे आणि एक दाढीच्या फेसाचा. तेविसाव्याचे लेबल पूर्ण गळून गेले असून त्याच्या बुडाला गंजाचे पोपडे सुटले आहेत. बहुतेक डब्यांचे बटण दाबले तर काहीच येत नाही, किंवा क्षणभर फुसफुस होऊन थांबते. परंतु हलवून पाहिल्यास आत द्रव असल्याचे स्पष्ट जाणवते.

यांतील काही डबे पुन्हा वापरता येतील का, आणि जे येणार नाहीत त्यांची विल्हेवाट गावात राहून कशी लावावी, हे मला जाणून घ्यायचे आहे. शेजारच्या काकांनी भाजावळीच्या (पेरणीआधी शेतात पाचोळा जाळण्याच्या) वेळी पाचोळ्यात टाकून मोकळे व्हा असे सुचवले. मला ते पटले नाही, पण दुसरा मार्गही सुचत नाही.

प्रतिसाद (रंगारी, मालवण)

ताई, सर्वप्रथम भाजावळीचा विचार मनातून काढून टाका. बंबात, चुलीत किंवा शेकोटीत टाकलेला डबा रिकामा दिसत असला तरी फुटतो, आणि फुटलेल्या पत्र्याची धार कोणत्या दिशेला जाईल ते सांगता येत नाही.

आता मुख्य मुद्दा. काहीच बाहेर येत नाही म्हणजे दाब गेला, असे समजू नका. माझ्याकडे लोक जे डबे मेले म्हणून आणून देतात, त्यांतील बरेचसे फक्त टोपीपाशी तुंबलेले असतात. बटण हलकेच फिरवून वर ओढल्यास निघून येते. ते रंगाच्या डब्याचे असेल तर थिनरमध्ये आणि पाण्यात मिसळणाऱ्या मालाचे असेल तर कोमट पाण्यात तासभर बुडवून ठेवावे, बाहेर काढून फुंकून पाहावे, आणि आरपार उजेड दिसला की परत बसवावे. टाचणी घालायची असेल तर ती या सुट्या बटणातच घालावी. डब्याच्या तोंडाशी असलेल्या झडपेत टाचणी किंवा तार कधीही खुपसू नये, कारण तेथील रबराची चकती फाटली तर उरलेला सगळा माल एकदम बाहेर येतो आणि तो थांबवायला मार्ग उरत नाही. बटण बसवताना त्याचे भोक स्वतःच्या तोंडाकडे नाही, एवढे मात्र दोनदा पाहावे.

रंगाचा डबा हलवल्यावर आतली गोळी खडखडली पाहिजे. ती खडखडत नसेल तर रंग तळाशी दगडासारखा बसला आहे असे समजावे, आणि अशा डब्यात दाब असला तरी त्याच्यावर वेळ घालवू नये.

प्रतिसाद (निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक, रत्नागिरी)

मालवणकरांनी सांगितलेली पहिली पायरी अगदी योग्य आहे. डब्यात दाब कोठून येतो आणि तो कसा जातो हे समजले, तर पुढचे निर्णय ताईंना स्वतःच घेता येतील, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

डबे मुख्यतः दोन प्रकारचे असतात. पहिल्या प्रकारात प्रोपेन, ब्युटेन यांसारखा, म्हणजे आपल्या स्वयंपाकाच्या गॅसच्याच जातीचा वायू किंवा डायमिथाइल ईथर द्रवरूपात भरलेला असतो. रंग, कीटकनाशक, सुगंधी फवारे आणि दाढीचा फेस हे बहुधा या प्रकारात मोडतात. ब्युटेन उणे ०.५ अंश सेल्सिअसला आणि प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो, त्यामुळे आपल्याकडच्या हवेत हे द्रव डब्यात सतत उकळण्याच्या तयारीत असतात. थोडा माल बाहेर पडला की थोडा द्रव वायू होऊन मोकळी झालेली जागा भरून काढतो, आणि म्हणून असा डबा अखेरच्या थेंबापर्यंत जवळजवळ सारख्याच जोराने फवारतो. दुसऱ्या प्रकारात कार्बन डायऑक्साइड किंवा नायट्रोजन नुसताच दाबून भरलेला असतो. गंज सोडवणाऱ्या तेलाचे अनेक डबे असे असतात. त्यांत वायूचा राखीव साठा नसल्यामुळे माल जसजसा कमी होतो तसतसा जोर उतरत जातो.

डबा उलटा धरून फवारला तर काय होते ते यावरून लक्षात येईल. आतली नळी बुडापर्यंत गेलेली असते. डबा उलटा केला की नळीचे टोक द्रवाबाहेर, वायूत येते, आणि बटण दाबल्यावर माल न येता नुसता वायू निघून जातो. पहिल्या प्रकारात हे काही काळ सोसते, दुसऱ्या प्रकारात मात्र अशा दोन-चार फवाऱ्यांतच डब्याचा जीव जातो. आपल्या वडिलांनी होडीच्या इंजिनाखाली हात घालून, डबा वाकडातिकडा धरून ते तेल वापरले असणार. सात डब्यांत तेल शिल्लक आणि जोर नाही याचे कारण बहुधा तेच असावे. दुसरे कारण म्हणजे झडपेतील रबर सुकणे आणि वर्षानुवर्षे थोडा थोडा वायू पाझरत राहणे.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. थंड प्रदेशातील लोक मंदावलेला डबा कोमट पाण्यात ठेवण्याचा सल्ला देतात आणि तो त्यांच्या हवेत बरोबरही असतो. आपल्याकडे वैशाखात सावलीतच ३० अंशांच्या वर तापमान असते, तेव्हा डबा थंडीने मंदावला हे निदान येथे लागूच पडत नाही, आणि गरम पाण्याचा प्रयोग करण्यात धोका तेवढा उरतो. डब्यावर ५० अंशांपेक्षा अधिक तापमानात ठेवू नये असे छापलेले असते. पत्र्याच्या छपराखालच्या माळ्यावर दुपारी हात लावून पाहिल्यास ती सूचना कोणासाठी आहे ते कळते. याला एकच अपवाद आहे. सलग बराच वेळ फवारल्यावर आतला द्रव उकळताना डब्याचीच उष्णता घेतो, डबा हाताला गार लागतो आणि जोर तात्पुरता उतरतो. तो अर्धा तास सावलीत ठेवला की पूर्ववत होतो.

ज्या डब्याचे बटण स्वच्छ करूनही काही येत नाही, त्यातले तेल किंवा रंग आता बाहेर येणार नाही हे मान्य करावे, असे माझे मत आहे.

प्रतिसाद (गॅरेजमालक, कुडाळ)

गुरुजींचे म्हणणे शास्त्राला धरून आहे, पण आम्ही व्यवहारात असे डबे फेकत नाही. बुडाला खिळा ठोकून भोक पाडतो आणि उरलेले तेल बाटलीत काढून घेतो. तेलाचा भाव पाहता सात डबे टाकून देणे जिवावर येते. काही जण झडपेतून हवाही भरतात, तसे करता येईल का?

प्रतिसाद (निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक, रत्नागिरी)

आपला अनुभव मी खोटा म्हणत नाही. पण जोर संपला म्हणजे वायू संपला असे नसते. फवारा बंद पडतो तेव्हाही डब्याच्या पोकळीत बाहेरच्या हवेइतक्या दाबाची ज्वलनशील वाफ भरून राहिलेली असते. लोखंडी खिळ्यावर लोखंडी हातोडा म्हणजे ठिणगी. शिवाय बटण तुंबल्यामुळे आपण ज्याला मेलेला समजलो त्या डब्यात पूर्ण दाब असू शकतो, आणि तो प्रकार पहिल्याच ठोक्याला उघडकीस येतो. कारखान्यांत डबे भोसकण्याची यंत्रे असतात हे खरे, परंतु तेथे डबा बंद पिंपावर बसवून ठिणगी न पाडणाऱ्या धातूच्या सुईने भोसकतात, पिंपाला जमिनीशी तार जोडलेली असते आणि वाफ कोळशाच्या गाळणीतून बाहेर सोडतात. परसात आपल्याकडे यातले काहीच नसते.

हवा भरण्याबद्दल तर स्पष्ट नकार. एलपीजी पेट घ्यायला हवेतील त्याचे प्रमाण साधारण १.८ ते ९.५ टक्के असावे लागते. बंद डब्यात हवा नसल्यामुळे आत ज्वाला टिकू शकत नाही. आपण हवा भरतो तेव्हा जे मिश्रण आजवर आत होऊ शकत नव्हते तेच स्वतःच्या हाताने तयार करतो, आणि तेही दाबाखाली.

प्रतिसाद (गॅरेजमालक, कुडाळ)

पिंपाचा आणि वाफेचा मुद्दा मान्य आहे. आमच्याकडे आजवर काही झाले नाही, पण त्यात नशिबाचा भाग किती हे आता वाटू लागले आहे. ताईंना मग वेगळा सल्ला देतो. पुढच्या वेळी हे तेल स्प्रेच्या डब्यात घेऊच नका, लिटरच्या पत्र्याच्या डब्यात घ्या आणि लांब चोचीच्या तेलाच्या कुपीने किंवा ब्रशने लावा. खाऱ्या हवेत दाबाचा डबा ठेवून तो गंजण्याची वाट पाहण्यापेक्षा ते बरे पडते, आणि शेवटचा थेंबही वापरता येतो.

प्रतिसाद (गृहिणी, चिपळूण)

लेबल गेलेल्या डब्याविषयी मला काळजी वाटते, म्हणून लिहिते. २२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्या तळमजल्यावरचे सगळे सामान चिखलात गेले. त्यातले दोन स्प्रेचे डबे पुसून आम्ही कपाटात ठेवले आणि विसरलो. दोन वर्षांनी त्यांतील एकाच्या बुडाच्या कडेला, जेथे पत्रा दुमडून जोडलेला असतो त्या खाचेत, सुईच्या अग्राएवढे छिद्र पडले आणि कपाटभर रंग पसरला. डबा बाहेरून तेथेच का गंजतो हे त्यानंतर लक्षात आले, कारण ओल त्या खाचेत साचून राहते आणि पुसताना फडके तेथपर्यंत पोहोचत नाही.

तेव्हा तो तेविसावा डबा हलवून पाहू नका आणि त्याचे बटणही दाबू नका. वाळू घातलेल्या बादलीत तो उभा ठेवून ती बादली सावलीत, मोकळ्या हवेत ठेवा. हा वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे गळला तर जमिनीलगत पसरतो. म्हणून ती बादली स्वयंपाकघराच्या, बंबाच्या किंवा देवघरातल्या समईच्या आसपास नसावी.

प्रतिसाद (माजी ग्रामपंचायत सदस्य, गुहागर)

विल्हेवाटीचा प्रश्न बाजूला पडतो आहे. घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांत रंगाचे टाकाऊ डबे आणि कीटकनाशकांचे डबे यांना घरगुती घातक कचरा म्हटले होते, आणि अशा कचऱ्यासाठी दर २० चौरस किलोमीटरला एक संकलन केंद्र उभारण्याची जबाबदारी स्थानिक संस्थेवर टाकली होती. कागद आणि प्रत्यक्ष यांत अंतर किती असते ते मी खुर्चीत बसून पाहिले आहे, त्यामुळे अधिक बोलत नाही. कारखान्यांचा घातक कचरा तळोज्याच्या केंद्रात जातो, पण ती साखळी तेवीस डब्यांसाठी नाही. आपण जवळच्या नगरपंचायतीत लेखी विचारणा करावी. तोंडी विचारले तर घंटागाडीत टाका असे उत्तर मिळण्याचा संभव असतो, आणि कचरा दाबणाऱ्या गाडीत असा डबा फुटला तर भोगतो तो सफाई कामगार.

जे डबे खरोखर रिकामे आहेत, म्हणजे बटण स्वच्छ आहे, हलवल्यावर आवाज नाही आणि उलटे धरून दाबले तरी फुसफुस नाही, ते भंगारवाल्याला देता येतात. प्लॅस्टिकचे झाकण आणि बटण काढून ठेवावे, लोहचुंबक लावून पत्रा व अ‍ॅल्युमिनियम वेगळे करावे आणि हे स्प्रेचे डबे आहेत असे त्याला सांगून द्यावे. गोणीत लपवून देऊ नये, कारण तो डबा हातोड्याने चेपणार आहे हे आपल्याला ठाऊक असते.

कीटकनाशकाचे डबे रिकामे करण्याच्या भरीस पडू नका. त्यांतील सायपरमेथ्रिनसारखी औषधे माशांना आणि कोळंबीला अत्यंत विषारी असतात. विहिरीच्या काठावर, ओहोळात किंवा खाडीच्या बाजूला ती फवारून संपवणे म्हणजे शेजाऱ्याच्या जाळ्यातली मासळी मारणे होय.

प्रतिसाद (वेंगुर्ला)

थोडे विषयाला धरून विचारतो. आईचा दम्याचा पंप बोटाने दाबल्यावर अजून फवारा देतो, पण वर लिहिलेले २०० डोस झाले आहेत. तो वापरावा का?

प्रतिसाद (निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक, रत्नागिरी)

वापरू नये. ताईंच्या डब्यांत माल आहे पण दाब नाही. आपल्या पंपात नेमके उलटे आहे. दाब शिल्लक असल्यामुळे फवारा येतो, परंतु लिहिलेले डोस संपल्यानंतर त्यात औषध पुरेसे असेलच याची खात्री नसते. पाण्यात तरंगवून पाहण्याची जुनी युक्तीही भरवशाची नाही. डोस मोजत जाणे आणि नवा पंप आधीच आणून ठेवणे एवढेच करावे.

मूळ प्रश्नकर्ती (देवगड तालुका)

सर्वांचे मनापासून आभार. गेले दोन रविवार या कामात गेले, त्याचा वृत्तान्त देते.

दहा रंगांपैकी चार डबे बटण थिनरमध्ये भिजवल्यावर चालू झाले. त्यांतल्या निळ्याने होडीचा क्रमांक पुन्हा रंगवूनही झाला. काम संपल्यावर डबा उलटा धरून क्षणभर फवारावा म्हणजे बटण तुंबत नाही, ही मालवणच्या काकांनी निरोपातून सांगितलेली गोष्टही पाळली. दोन डब्यांची गोळी हलली नाही. उरलेल्या चारांचे बटण स्वच्छ असूनही काही आले नाही. ते खळ्यात मोकळ्या वाऱ्यावर, हातमोजे व चष्मा घालून, जवळपास आग नाही हे पाहून उलटे दाबले, तेव्हा एकातून थोडी वाफ निघाली आणि बाकीचे गप्प राहिले. रंग मात्र चारही डब्यांत आहे. तेलाच्या सातांपैकी दोन चालतात. पाचांत तेल आहे आणि ते आतच राहणार आहे. वडिलांनी जपून ठेवलेले असल्यामुळे मन तयार होत नव्हते, पण खिळा हातात घेतला नाही.

दाढीच्या फेसाचा डबा तेवढा पूर्ण रिकामा निघाला. हा स्प्रेचा डबा आहे असे सांगून दिल्यावर भंगारवाल्याने तो वेगळा ठेवून नेला. नगरपंचायतीत लेखी अर्ज दिला असून पोच घेतली आहे. गोळी न हललेले दोन, दाब गेलेले चार, तेलाचे पाच आणि कीटकनाशकाचे चार, असे पंधरा डबे झाकणे लावून एका पिंपात उभे ठेवले आहेत आणि पिंपावर आत काय आहे ते ठळक लिहिले आहे. तेविसावा वाळूच्या बादलीत, मांगराच्या उत्तरेच्या सावलीत आहे. पावसाची झड तेथे येते, म्हणून बादलीवर चार बाजूंनी मोकळे असे झापांचे (विणलेल्या झावळ्यांचे) छोटे छप्पर केले आहे.