'ट्रेट्स'ला 'लक्षणे' म्हणावे का?

विचारणा: मेंदूतील रसायने, ध्वनीचे 'परसेप्शन' आणि ऑटिस्टिक व स्किझोटायपल 'ट्रेट्स' यांच्या संबंधावरील मजकूर मराठीत आणत आहे. 'ट्रेट्स'ला 'लक्षणे' आणि 'परसेप्शन'ला 'श्रवण' म्हटलेले चालेल का?

प्रतिसाद 1: 'लक्षणे' टाळावे, असे माझे स्पष्ट मत आहे. लक्षण म्हटले की त्यामागे आजार गृहीत धरला जातो. अशा अभ्यासांत मात्र बहुधा कोणतेही निदान न झालेली माणसे प्रश्नावली भरतात. स्वमग्नतेच्या (ऑटिझमच्या) बाजूची 2001 मधील 50 प्रश्नांची आणि स्किझोटायपीची (स्किझोफ्रेनियाशी साम्य असलेल्या, पण आजार नसलेल्या अनुभव-विचारांची) मानसशास्त्रज्ञ एड्रियन रेन यांची 1991 मधील 74 प्रश्नांची प्रश्नावली प्रसिद्ध आहे. त्यांतून दिसतो तो कमीअधिक प्रमाणात सर्वांतच असणारा 'कल'. 'स्किझोटायपी' हा शब्द तसाच ठेवावा, कारण 'छिन्नमनस्कता' स्किझोफ्रेनियासाठी रूढ आहे आणि तिला 'सदृश' जोडले तरी वाचक आजारच समजतो. (गंमत अशी की 'ऑटिझम' हा शब्द मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी मुळात स्किझोफ्रेनियाच्याच वर्णनासाठी घडवला, बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी 1943 मध्ये मुलांतील वेगळ्या अवस्थेचे वर्णन करताना तो वापरला. 'स्वमग्नता'मधील 'स्व' 'ऑटिझम' या शब्दाच्या मूळ अर्थातूनच आला आहे.)

'श्रवण' या शब्दात लक्ष देऊन ऐकणे आहे, आणि इथे नेमके तेच नको आहे. मराठीत 'ऐकणे' आणि 'ऐकू येणे' हा भेद आयताच उपलब्ध आहे. खोलीतील पंख्याची घरघर थोड्या वेळाने बहुतेकांच्या जाणिवेतून गळून जाते. एखाद्याला मात्र, तो ती मुळीच ऐकत नसताना, ऐकू येतच राहते. प्रयोगातही माणूस पुस्तक वाचत असतो, कानावर एकच स्वर पुनःपुन्हा पडतो आणि मध्येच वेगळा स्वर आला की सेकंदाच्या पावभागाच्या आतच मेंदूलेखात (ईईजीत) त्याची नोंद उमटते. तिला 'मिसमॅच निगेटिव्हिटी' म्हणतात. स्किझोफ्रेनियात ती क्षीण आढळते, आणि ग्लुटामेट या मेंदूतील रसायनाचा एक ग्राही (रिसेप्टर) अडवणारे केटामाइन हे भुलीचे औषध निरोगी माणसाला दिले तरी क्षीण होते. म्हणून मी 'ध्वनिबोध' सुचवतो.

रसायनांबाबत 'रासायनिक असंतुलन' हा वर्तमानपत्री प्रयोग करू नये. ग्लुटामेट चेतापेशींना उद्दीपक आणि गाबा हे दुसरे रसायन निरोधक हे खरे, पण गाबा ग्लुटामेटपासूनच एका विकराच्या (एन्झाइमच्या) साहाय्याने तयार होतो, त्यामुळे तराजूच्या दोन स्वतंत्र पारड्यांचे चित्र फसवे ठरते. शिवाय चुंबकीय अनुस्पंदनाने (एमआर तंत्राने) मोजले जाते ते मेंदूच्या काही घन सेंटिमीटर भागातील या रसायनांचे एकूण प्रमाण. दोन चेतापेशींच्या सांध्यावर काय चालले आहे, ते त्यातून दिसत नाही. तेव्हा 'गाबामुळे' असे न लिहिता 'गाबाच्या प्रमाणाशी सहसंबंध' असे लिहावे.

प्रतिसाद 2: बाकी सर्व मान्य, 'कल' मात्र खटकतो. गणिताकडे कल असतो, म्हणजे त्यात आवड येते; मिक्सरच्या आवाजाने कानांवर हात ठेवावे लागणे याला कल कसे म्हणावे? 'मनाची ठेवण' असा शब्दप्रयोग आपल्याकडे आहेच.

प्रतिसाद 1: 'ठेवण' अधिक चांगला आहे, हे मान्य करतो. अडचण एवढीच की ठेवण वेगळी असते, कमी किंवा जास्त असत नाही, आणि प्रश्नावलीत तर गुण मोजायचे असतात. तिथे मी 'कल' ठेवीन. माणसाविषयी लिहिताना 'ठेवण'.