आतडं कापून बाहेर काढलं तरी ताणल्यावर आकसतं, हे कसं काय?

बीफार्म_दुसरं_वर्ष: काल प्रॅक्टिकलला चिकनवाल्याकडून ताजं आतडं आणलेलं, त्याचा दोनेक सेंमीचा तुकडा टायरोडमध्ये (शरीरातल्या द्रवासारखं क्षारांचं पाणी) ३७ डिग्रीला टांगला, खालून हवेचे बुडबुडे चालू. औषध अजून घातलंच नव्हतं, मी फक्त दोरा जरा ताणून बांधला तर तुकडा आकसायला लागला आणि दोऱ्याला जोडलेला लिव्हर (हालचाल दाखवणारी दांडी) वर-खाली. मेंदू नाही रक्त नाही, मग ताणलंय हे त्याला कळतं कसं? सर म्हणाले मायोजेनिक, म्हणजे स्नायूतूनच उपजणारं, लिहून घ्या. लिहून घेतलं पण डोक्यातून जाईना.

रात्रपाळी: आतड्याच्या भिंतीतच नसांचं जाळं असतं, तुकडा कापला की तेही सोबत येतं. बेलिस आणि स्टारलिंगनी १८९९ मध्ये कुत्र्यांवर दाखवलं, बाहेरून येणाऱ्या नसा तोडल्या तरी आतल्या गोळ्याच्या मागचा भाग आवळतो, पुढचा सैल पडतो. शिवाय अस्तरातल्या काही पेशींत पिएझो२ नावाचं चॅनल (पेशीच्या आवरणातलं दार) असतं, दाब पडला की ते उघडतं आणि पेशी सेरोटोनिन हे निरोप देणारं रसायन सोडते, ते नसांना जागं करतं.

जुना_फिजिओवाला: बरोबर, पण सरांचा शब्दही खराय. टेट्रोडोटॉक्सिन हे विष घालून नसा गप्प केल्या तरी स्नायू ताणाला दाद देतो. पेशीचं पटल (आवरण) ताणलं की त्यातली काही चॅनल उघडतात, सोडियम-कॅल्शियम आत येतं, त्याने पटलावरचा व्होल्टेज बदलतो मग एल-टाइप कॅल्शियम चॅनल उघडतात, आणखी कॅल्शियम शिरतं, ते कॅल्मोड्युलिन या प्रथिनाला चिकटतं, मायोसिनवर (स्नायू आकसवणारं प्रथिन) फॉस्फेट चढतो आणि पेशी आकसते. ती जी लयीत वर-खाली दिसली ना, ती लय भिंतीतल्या कहालच्या पेशी (ठेका धरणाऱ्या खास पेशी) देतात, माणसाच्या जठरात मिनिटाला साधारण ३, ड्युओडेनममध्ये (लहान आतड्याचा पहिला भाग) १२.

बीफार्म_दुसरं_वर्ष: मग जेवल्यावर जठर ताणतं तेव्हा ते का आवळत नाही? भरल्या पोटी तर सगळं वर यायला हवं

रात्रपाळी: भारी प्रश्न! तिथे ताणाची खबर व्हेगस नसेतून मेंदूकडे जाते आणि उलट हुकूम येतो, सैल पड. म्हणून रिकामं असताना जेमतेम ५० मिली मावणारं जठर लिटरभर अन्न सहज घेतं. व्हेगस कापली की ही सोय बिघडते, थोड्याशा जेवणानेच पोट गच्च वाटतं.

जुना_फिजिओवाला: सरांना विचारून बिनकॅल्शियमच्या टायरोडमध्ये तोच तुकडा धू, हळूहळू मरगळेल. मग नेहमीचं टायरोड परत घाल आणि लिव्हरवरून नजर काढू नको.