अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाचा संकोच कसा जपावा?

प्रश्न
माझ्या वडिलांवर लवकरच मांडीच्या हाडाची शस्त्रक्रिया होणार असून त्यानंतर काही दिवस त्यांना अंथरुणावरच राहावे लागेल. उपचारांविषयी मला शंका नाही. परंतु स्वभावाने अतिशय भिडस्त असलेल्या या माणसाला बेडपॅन, पाठीमागे उघडा राहणारा गाऊन आणि परक्यांकडून अंग पुसून घेणे हे सारे शस्त्रक्रियेपेक्षाही जड जाईल, असे वाटते. कर्मचाऱ्यांच्या कामात लुडबुड न करता आम्हा घरच्यांना काय करता येईल?

उत्तर १
मी परिचारिका आहे. दुखत असल्याचे रुग्ण सांगतात, बेडपॅन मात्र मागत नाहीत. तो मागण्याची वेळच येऊ नये म्हणून कित्येक जण पाणी पिणे कमी करतात आणि त्यातून बद्धकोष्ठता किंवा मूत्रमार्गाचा संसर्ग ओढवून घेतात. म्हणून त्यांनी मागण्याची वाट न पाहता अधूनमधून हळू आवाजात आपणच विचारावे. मांडीच्या हाडाच्या रुग्णासाठी एका बाजूने चपटे बेडपॅन मिळते, त्यासाठी कंबर फारशी उचलावी लागत नाही; ते आवर्जून मागून घ्या. पडदा पूर्ण ओढावा, भेटायला आलेल्यांना बाहेर पाठवावे, मांडीवर चादर राहू द्यावी आणि डॉक्टरांची हरकत नसेल तर पलंगाची डोक्याकडची बाजू उंच करावी, कारण आडवे पडून पोट साफ होणे कठीण असते. घंटी हाताशी ठेवून पडद्याबाहेर थांबावे. नंतर रुग्णाचे हात धुऊन द्यायचे मात्र हटकून राहून जाते. अंग पुसतानाही एका वेळी तेवढाच भाग उघडा करावा आणि बाकीचे अंग झाकलेले असावे.

उत्तर २
चष्मा, श्रवणयंत्र आणि कवळी घरी सुरक्षित ठेवण्याऐवजी नाव लिहिलेल्या डबीत उशाशी ठेवा. शस्त्रक्रियेनंतर वृद्धांना भ्रम होण्याचा धोका असतो आणि नीट दिसले-ऐकू आले नाही तर तो वाढतो.

उत्तर ३
कर्मचाऱ्यांनी काय करावे, हेही सांगायला हवे. ब्रिटनमधील डॉक्टर केट ग्रेंजर स्वतः कर्करोगाच्या रुग्ण असताना त्यांना जाणवले की, उपचार करणारे अनेक जण आपले नावसुद्धा सांगत नाहीत. त्यातून २०१३ मध्ये त्यांनी रुग्णाला आधी स्वतःची ओळख करून देण्याची मोहीम सुरू केली. यासाठी ना पैसा लागतो ना वेळ. तुम्हीही वडिलांविषयीचे प्रश्न डॉक्टरांना परस्पर विचारू नका. वडील शुद्धीवर असताना त्यांच्या डोक्यावरून चाललेली चर्चा त्यांना बोचतेच.

उत्तर ४
पहिल्या उत्तरात एक गृहीतक आहे, ते मला मान्य नाही. ही कामे घरच्यांनी केली की रुग्णाला बरे वाटते, असे नेहमीच नसते. अनेक वडिलांना मुला-मुलींपेक्षा अनोळखी परिचारकाकडून स्वच्छता करून घेणे कमी अवघड वाटते. शस्त्रक्रियेपूर्वीच त्यांना एकांतात विचारा आणि ते जे सांगतील ते वॉर्डातील परिचारिकेच्या कानावर घालून ठेवा.