प्रतिसाद: लॅक ओपेरॉन आणि सायक्लिक एएमपी

ग्लुकोज असलं की ई. कोलाय या बॅक्टेरियातलं सायक्लिक एएमपी (पेशीतला एक छोटा निरोप्या रेणू) घसरतं आणि म्हणून लॅक्टोज वापरायची जीन्स (म्हणजे लॅक ओपेरॉन) बंद राहतात, असं वर दोनतीन जणांनी लिहिलंय. पुस्तकात तसंच असतं, परीक्षेत मार्कही मिळतात, पण ग्लुकोज-लॅक्टोजच्या बाबतीत मेन कारण ते नाहीये. १९९६ मध्ये इनादा, किमाता आणि आयबा या जपानी मंडळींनी मोजून पाहिलं तर ग्लुकोजवर वाढणाऱ्या आणि लॅक्टोजवर वाढणाऱ्या पेशींत सायक्लिक एएमपी साधारण सारखंच निघालं!

खरी गंमत पेशीच्या दारात आहे. ग्लुकोज आत येतं ते फॉस्फेट लावून घेतच, आणि हा फॉस्फेट ज्या साखळीतून येतो त्यातलं एक प्रोटीन (ईआयआयए) ग्लुकोजचा ओघ चालू असताना बहुतेक वेळ फॉस्फेटविना मोकळं असतं, मग ते जाऊन लॅक्टोज आत आणणाऱ्या परमिएज या प्रोटीनला आतून चिकटतं आणि त्याला जाम करून टाकतं, म्हणजे पाहुण्याला फाटकातच अडवायचं. लॅक्टोजच आत नाही तर त्यापासून होणारं अॅलोलॅक्टोज कुठून बनणार, आणि ते चिकटल्याशिवाय रिप्रेसर (जीन्स बंद ठेवणारं प्रोटीन) तरी डीएनए का सोडेल? आयपीटीजी (अॅलोलॅक्टोजचं काम करणारं कृत्रिम रसायन) टाकलं की ग्लुकोज असूनही जीन्स चालू होतात, कारण त्याला आत शिरायला परमिएज लागत नाही. आणि "सगळे बॅक्टेरिया असंच करतात" हेही सोडा, बॅसिलस सबटिलिस ग्लुकोज असताना बाकीच्या साखरांची जीन्स बंद ठेवायचं काम सायक्लिक एएमपीशिवायच करतो, तिथे सीसीपीए नावाचं वेगळंच प्रोटीन डीएनएवर बसतं.